ठाण्यात जबाब द्यायला आणि हक्कसोडवर सही करायला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या मृत्युपत्रात घर तुमच्या नावे आहे. थोरल्या भावाने पोलिसांत तक्रार दिली आहे की त्यावरची वडिलांची सही खोटी आहे आणि ती तुम्ही केली. ठाण्यातून फोन आला, "येऊन जबाब देऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे." इकडे भाऊ म्हणतो, शेतीतला हक्क सोड, मी तक्रार मागे घेतो. वकील आत्ता करायचा की प्रकरण कोर्टात गेल्यावर?

आत्ता करा. ठाण्याची पायरी चढण्याआधी.

मी वकील नाही. बावीस वर्षं वकिलांकडे कारकून होतो. नकला काढणं, तारखा लिहिणं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या पक्षकाराला धीर देणं हे माझं काम. त्या बाकावर मी पाहिलं ते हे, की माणूस आमच्यापर्यंत पोचायचा तेव्हा सही होऊन गेलेली असायची. मग वकील कितीही हुशार असला तरी त्याची निम्मी ताकद ती सही निस्तरण्यातच जायची.

तुमच्यासारखाच एक धाकटा भाऊ आला होता. ठाण्यात त्याने सांगितलं होतं, "वडिलांचा हात थरथरत होता, म्हणून मी कागद धरला." लिहिणाऱ्याने लिहिलं, "मी हात धरून सही करून घेतली." याने न वाचता खाली सही केली, कारण संध्याकाळ झाली होती आणि त्याला घरी जायचं होतं. पुढे दिवाणी दाव्यात भावाने त्या जबाबाची नक्कल लावली, आणि त्या एका ओळीवर याचा उलटतपास दोन तारखा चालला. माणूस खरा होता. पण खरेपणा कागदावर उतरला नव्हता.

गुन्हा नोंदवल्यानंतर तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर, देणाऱ्याची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. नुसत्या तक्रार अर्जाच्या चौकशीत मात्र सर्रास सही घेतली जाते. म्हणून वकिलाचं पहिलं काम म्हणजे ठाण्यात नेमकं काय आहे ते काढणं. अर्ज आहे, एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) आहे, की गुन्हा दाखल झालाय? दाखल झाला असेल तर कलमं कोणती? २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणं सोडली तर, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. तिथे आधी बघा.

तुमच्या प्रकरणात कलमाचा प्रश्न फार गंभीर आहे. खोटं मृत्युपत्र बनवल्याचा आरोप म्हणजे किरकोळ भानगड नव्हे. मृत्युपत्र १ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर भारतीय दंड संहितेचं ४६७ लागू शकतं, नंतरचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३३८. दोन्हींत शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. लोक ऐकीव सांगतात, "हल्ली अटक करत नाहीत, नोटीस देतात." सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात ऊठसूट अटक नको असं बजावलं हे खरं, पण ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांबद्दल. तुमच्यावरचा आरोप त्या मर्यादेबाहेर जातो. नोटीस देऊन सोडतीलही, पण त्यावर विसंबून बसू नका.

आणि घाई का, तर अटकपूर्व जामीन अटकेच्या आधीच मागता येतो. सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात त्यासाठी अर्ज करतात. एकदा अटक झाली की तो रस्ता बंद, मग नियमित जामिनासाठी झगडायचं आणि तोवर आत राहायचं. शुक्रवारी संध्याकाळी घरच्यांची धावपळ होते तेव्हा कळतं, की सोमवारी सकाळी वकिलाला गाठलं असतं तर आठवड्यात निभावलं असतं.

म्हणून ठाण्यातल्या साहेबांना नम्रपणे कळवा: मी सहकार्य करायला तयार आहे, अमुक दिवशी अमुक वाजता वकिलांसह हजर राहतो, लेखी नोटीस द्यावी. फोन बंद करून गावाला निघून जाऊ नका. लपलेल्या माणसाला जामीन देताना कोर्ट दहादा विचार करतं. वकिलाला चौकशीच्या खोलीत शेवटपर्यंत बसू देतीलच असं नाही. पण अटक झालीच तर चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटायचा हक्क आहे, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) त्यासाठीच आहे.

मृत्युपत्राची मूळ प्रत पोलीस मागतील. द्यायची वेळ आली तर जप्तीचा पंचनामा किंवा पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. आधी साक्षांकित नकला काढून ठेवा. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ते सिद्ध करताना हयात असलेल्या किमान एकाला कोर्टात बोलवावं लागतं. ते दोघे कोण, कुठे आहेत, हे वकिलाला सांगा. त्यांना गाठून काय बोलायचं ते पढवायला मात्र अजिबात जाऊ नका. साक्षीदारांवर दबाव आणला असं दिसलं की जामिनाचं सगळं मुसळ केरात.

आता भावाच्या देवाणघेवाणीचं. मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली.

"मी तक्रार मागे घेतो" हे गुन्हा दाखल झाल्यावर त्याच्या हातात उरत नाही. सही खोटी केल्याचा हा गुन्हा तडजोडीने मिटवता येण्याजोगा नाही. दोघे भाऊ एक झाले तरी हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करून मागावा लागतो, आणि तो करायचा की नाही हे हायकोर्ट ठरवतं. म्हणजे तुम्ही आज हक्कसोड दिलं तर शेत आज जाईल, आणि गुन्हा मात्र तिथेच राहील. नुसता अर्ज असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच अर्ज आहे की गुन्हा, हे आधी कळलं पाहिजे.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांपुढे नोंदवलं की ते पक्कं झालं. निबंधक कार्यालयात मी कितीतरी बहिणींना अंगठा देताना पाहिलंय. फोटो निघतो, यंत्रावर बोट टेकतं, कारकून विचारतो, "मजकूर मान्य आहे ना?" आणि शेजारी उभा असलेला भाऊ म्हणतो, "हो म्हण." सारं पाच मिनिटांत आटपतं. ते रद्द करून घ्यायचं तर फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, आणि कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. समेट करायचाच असेल तर जरूर करा. भावाभावांत मिटलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण फौजदारी आणि मिळकत या दोन्हींचा एकच लेखी तोडगा दोन्हीकडच्या वकिलांनी बसून लिहू दे, आणि कोणती सही कधी करायची हा क्रम त्यात ठरू दे.

मृत्युपत्राबद्दलही एक तपासा. वडिलोपार्जित मिळकतीत वडिलांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, तुमचा किंवा बहिणीचा नाही. घर त्यांच्या कमाईचं की वडिलोपार्जित, यावर सगळी मांडणी बदलते.

वकील नको अशीही कामं असतात. भांडण नसेल तर तलाठ्याकडे वारस नोंद तुम्ही स्वतः करू शकता. नॉमिनी असलेल्या खात्यातली रक्कम काढायलाही वकील लागत नाही. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो, असं सुप्रीम कोर्टाने पूर्वीच सांगितलं आहे. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी आली, हाही असाच गैरसमज. फेरफार, म्हणजे नाव बदलाची ती नोंद, महसुलासाठी असते. भावाने एकट्याचं नाव लावायला अर्ज दिला असेल तर हरकतीची मुदत चुकवू नका. ती हरकत साध्या कागदावरही देता येते.

वकील निवडताना फौजदारीवाला आणि दिवाणीवाला वेगळे असतील तर दोघांची एकदा गाठ घालून द्या. एकीकडे दिलेला खुलासा दुसरीकडे आडवा येतो. "हमखास सोडवतो" म्हणणारा टाळा. "फी नको, जमिनीतला वाटा द्या" म्हणणाराही टाळा, निकालातल्या वाट्यावर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. फी कोणत्या कामाची, कोणत्या टप्प्यापर्यंतची, हे पहिल्या दिवशीच विचारा. वकील विचारलेलं आवडत नाही म्हणाला तर दुसरा बघा. परवडत नसेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, १५१०० हा क्रमांक आहे. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुमच्या बहिणीलाही हे कळवा.

आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात आहेत का? प्रश्नात तुम्ही त्यांचा उल्लेख केलेला नाही. वडिलांच्या ज्या मिळकतीचं मृत्युपत्र नाही, तिच्यात हिंदू वारसा कायद्याने आईलाही मुला-मुलींइतकाच वाटा असतो. भावाने तयार केलेल्या कागदात त्यांचं नाव नसेल, तर वकिलाला ते सगळ्यात आधी दाखवा.