बाटलीचा आवाज

प्रिय मुली,

डर्बनच्या दवाखान्यात कामाला निघण्याआधी तू विचारलंस, "तिथल्या मुलींना एचआयव्ही टाळणारी प्रेपची गोळी रोज घ्यायला लावायचं कसं?" त्यातलं 'लावायचं' आधी खोडून टाक.

मी तिथे नवी होते तेव्हा दर खेपेला विचारायचे, "गोळ्या नीट घेतेस ना?" असं विचारल्यावर 'हो'शिवाय दुसरं काय ऐकू येणार! २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेत 'व्हॉइस' नावाचा अभ्यास झाला, पाच हजारांवर बायकांचा. त्यांच्या सांगण्यावरून जवळपास ९० टक्के गोळ्या पोटात जात होत्या. रक्त तपासलं, तर ३० टक्क्यांहूनही कमी नमुन्यांत औषध सापडलं. बायका खोटारड्या होत्या म्हणून नव्हे. खरं बोलून ओरडा खायची कुणाची तयारी असते?

गोळ्या न घेण्याचं कारण मला दाखवलं ते एका एकोणीस वर्षांच्या पोरीनं. पर्समधली बाटली काढून तिनं माझ्या कानाशी हलवली. खुळखुळ. हा आवाज तिथे टॅक्सीतसुद्धा ओळखतात, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या गोळ्याही अशाच बाटल्यांतून येतात. टेनोफोव्हिर हे औषध तर दोन्हींत असतं. मग "मला काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून घेते" हे गोगोला, म्हणजे आजीला, पटवायचं कुणी? आणि मित्राला? पोरीनं बाटलीत कापूस कोंबला आणि प्रश्न मिटवला. मला हे सुचलं नसतं.

तेव्हापासून मी विचारते, "या महिन्यात कुठला दिवस अवघड गेला?" उत्तर बहुधा शनिवार असतं.

बाकी तुला ठाऊक आहेच. सुरुवातीला मळमळतं, म्हणून रात्री जेवणानंतर घ्यायला सांग. विसरली तर आठवेल तेव्हा एक, दोन एकदम नाही. पुरुषांसाठी संबंधांच्या आगेमागे घ्यायची पद्धत आहे, ती बायकांना चालत नाही. रोजच घ्यावी लागते आणि संरक्षण मिळायला निदान सात दिवस जातात. गर्भ आणि इतर गुप्तरोग गोळीनं टळत नाहीत, कंडोम लागतोच. मित्राशी तुटलं म्हणून कुणी गोळी थांबवली, तर रागावू नकोस. पुन्हा हवी असेल तेव्हा आधी एचआयव्हीची चाचणी, मग गोळी.

आता याच कामासाठी लेनाकॅपाविर या औषधाचं इंजेक्शन आलंय, सहा महिन्यांतून एकदा. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. आकडा मी दोनदा वाचला. बाटली गेली, आवाज गेला. पण सहा महिन्यांनी तिला त्याच दारातून परत यायचंय, आणि शाळेचा गणवेश बघून भुवया उंचावणारी नर्स त्या दारात असली, तर ती येणार नाही.

आपल्याकडे कोलकात्याच्या सोनागाचीत आणि म्हैसुरात देहविक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनांनी प्रेपचं काम स्वतःच्या हातात घेतलं होतं, तिथे बहुतेकींनी गोळ्या नेमानं घेतल्या. जमलं तर जाण्याआधी म्हैसूरला जाऊन ये.

पहिला आठवडा टेबलामागे बसू नकोस, बाहेरच्या बाकावर मुलींमध्ये बस. आधी "सावुबोना", म्हणजे झुलू भाषेतला नमस्कार, म्हण, मग फाईल उघड. मी महिनाभर उलटं केलं होतं.

तुझी,
ताई