डॉगी थीमचा बर्थडे पहिल्यांदा करतेयस ना, मग हे वाच

अगं थीम मस्तच घेतलीयस, डेकोरेशनवर फार खर्च नको करू, काळ्या कार्डपेपरचे पंजे कापून दारापासून केकच्या टेबलापर्यंत फरशीवर चिकटव, पोरं बरोब्बर त्याच ठशांवर पाय ठेवत आत येतात, इतकं गोड दिसतं! कानांचे हेअरबँड आदल्या रात्रीच करून ठेव.

पण घरात खरा कुत्रा असेल तर फुगे फुटायच्या आधी त्याला आतल्या खोलीत ने, सोबत कुणीतरी मोठं बसव. आणि चॉकलेट केक नकोच, त्यातलं थिओब्रोमिन नावाचं कोकोतलं द्रव्य कुत्र्यांच्या अंगातून लवकर निघत नाही, द्राक्षं-मनुकाही त्यांना विषारी. आमच्या मोतीने टेबलाखाली पडलेला तुकडा गिळला होता, रात्रभर उलट्या, मी त्याच्याजवळच बसून होते. व्हॅनिला सांग सरळ.