उलाळ गाडी, उलाळ होडी

वाचकांचे प्रश्न, तात्यांची उत्तरं

प्रश्न : तात्या, रामराम. मी वाईजवळचा, धोम धरणाच्या पाण्यात मासे धरतो. बाप वल्ह्याची होडी चालवायचा. मी यंदा कर्ज काढून १६ फुटी फायबरची नवी होडी केली आणि तिला १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर टांगायचं इंजिन लावलं. पैसे गेले आणि ताप आला. वेग धरला की पुढचं नाक वर-खाली आपटत राहतं, जाळ्यापाशी बसलेला माणूससुद्धा उडतो. होडी सारखी उजवीकडे ओढते, अर्ध्या तासात हात भरून येतो. वळण घेतलं की इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी पुढं सरकत नाही. आणि उभी असली तरी डावीकडे कललेली. होडी बांधणारा म्हणतो इंजिनात खोट, इंजिनवाला म्हणतो होडीत खोट. कोणाच्या दारात बसू?

उत्तर : कोणाच्याच नको. आधी घाटावर बसा, वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन.

तुम्ही चार दुखणी लिहिलीत. एकेकाचं औषध वेगळं असलं तरी निम्मी एकाच मुळातून आली आहेत. आमच्याकडं कारखान्याला ऊस घेऊन जाणाऱ्या बैलगाड्या अजून दिसतात. मोळ्या मागं जास्त पडल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त पडल्या की धुरजड, बैलाची मान मोडते. गाडीवान चाक बदलत नाही, मोळ्या सरकवतो. तुमची होडी उलाळ आहे.

फोनवर तुम्ही सांगितलेले आकडे मी कागदावर मांडले. इंजिन साधारण ५० किलो. (तुमच्या बापाच्या मित्राकडं होतं ते जुनं टू-स्ट्रोक ३६-३७ किलोचं असायचं. नुसत्या इंजिनात १३-१४ किलो वाढले, हे कोणी सांगत नाही.) पंचवीस लिटरची पेट्रोलची टाकी भरलेली, २२ किलो. बॅटरी १४ किलो. बर्फाची पेटी ४० किलो. आणि तुम्ही स्वतः ७८. हे सगळं मागच्या पाच फुटांत. दोनशे किलोच्या वर वजन शेपटीवर आणि पुढं फक्त जाळं. मग वेग घेतल्यावर नाक वर उठतं, फार उठलं की स्वतःच्या वजनानं आपटतं, परत उठतं. तीच ती उडी.

पहिलं काम, बर्फाची पेटी पुढच्या फळीच्या मागं नेऊन बांधा. चाळीस किलो आठ फूट पुढं गेले की काय होतं ते स्वतः बघा. टाकीची नळी लांब करून टाकी मध्यावर आणा. यासाठी एक रुपयाही लागत नाही, दोरी आणि नळी सोडली तर. उडी निम्म्याहून जास्त इथंच मरेल.

कल मोजायचा असेल तर वारा नसलेल्या सकाळी जा. होडी काठाला बांधा, आत कोणी नको. कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपनं मोजा. मग तुम्ही तुमच्या जागेवर बसा आणि परत मोजवा. (डावं-उजवं मी नेहमी नाकाकडं तोंड करून धरतो.) टाकी आणि बॅटरी दोन्ही डाव्या अंगाला ठेवल्यात असं तुम्हीच म्हणालात, मग उभी होडी डावीकडे कलणार नाही तर काय. त्यातली एक उजवीकडे हलवा. आता गंमत ऐका. बहुतेक इंजिनांचा पाण्यातला पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. पाण्याला तो एका दिशेला पिळतो, होडी उलट्या दिशेला पिळली जाते, म्हणजे डावीकडे झुकते. हँडलवर चालवणारा माणूस उजव्या अंगाला बसून डाव्या हातानं हँडल धरतो, त्यात हेही कारण असावं असं मला वाटतं. तुम्ही उजवीकडेच बसता, ते बरोबर आहे, तसंच ठेवा. उभी असताना सरळ आणि पळताना थोडी डावीकडे, एवढं चालतं.

आता किंचाळणं. सांगली-पलूसच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शनमध्ये बारीक फट राहिली की पंप हवा धरतो. मोटर हलकी फिरते, आवाज बदलतो, पाणी येत नाही. पंखाही तसाच हवा धरतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून हवा खाली खेचली गेली की पात्यांना पाणी मिळत नाही, इंजिन मोकळं पळतं. ही हवा अडवायला पंख्याच्या वर एक आडवी प्लेट असते. होडीच्या तळाची सरळ रेषा मागं ओढली तर ती प्लेट त्या रेषेच्या बरोबरीला किंवा फार तर इंचभर खाली असावी. तळाला ॲल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप चिकटवून धरा आणि मोजा. तुम्ही सांगितलेल्या मापानं तुमची प्लेट रेषेच्या दोन इंच वर निघाली. होडी बांधणाऱ्यानं मागच्या फळीवर शोभेची म्हणून सागाची पट्टी ठोकली होती, इंजिन तिच्यावर बसलं. शॉर्ट शाफ्टचं म्हणजे आखूड पायाचं इंजिन १५ इंची फळीसाठी, लाँग म्हणजे लांब पायाचं २० इंचीसाठी असतं. फळी त्याहून उंच केली की पंखा उथळ होतो. पट्टी काढा. फळी मात्र स्वतःच्या हातानं कापू नका, मागून येणारी लाट तिथूनच आत येते.

पट्टी काढल्यावर इंजिनाचा कोन बघा. इंजिन फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये भोकांची रांग आणि एक पिन असते. पिन एक भोक आत म्हणजे फळीकडं घेतली की नाक खाली येतं, एक भोक बाहेर घेतली की नाक वर जातं. पळताना ती आडवी प्लेट पाण्याला समांतर राहिली तर कोन बरोबर. तुमची पिन बाहेरच्या भोकात आहे, ती एक भोक आत. दोन नको. फार आत घेतली की नाक पाण्यात खुपसतं आणि होडी अचानक एका बाजूला फिरते, ते उडीपेक्षा वाईट.

उजवीकडे ओढण्याचं मूळही इथंच. पंखा उथळ आणि इंजिन बाहेर कललेलं असलं की काट्यासारखा फिरणारा पंखा होडीला उजवीकडे खेचतो. वरच्या दोन दुरुस्त्यांनी हात हलका होईल. उरलं तर प्लेटच्या खाली लहान पंखासारखी पट्टी असते, तिचा बोल्ट सैल करून मागची कड थोडी उजवीकडे वळवा, म्हणजे ज्या बाजूला ओढतं त्याच बाजूला. दोन-तीन मिलिमीटर पुरे. लहान इंजिनांत ही पट्टी नसतेही. नसेल तर हँडलचं घर्षण वाढवणारा स्क्रू आवळा, हाताला विसावा मिळेल.

एका फेरीत एकच गोष्ट बदला. वहीत लिहा: टाकी किती भरली, माणसं किती, पिन कुठल्या भोकात, काय झालं. मी हे सांगतो कारण मी उलटं केलंय. माझी पहिली मोटरहोडी हरिपूरच्या संगमावर अशीच जड आणि आळशी वाटायची. मी इंजिनवाल्याला शिव्या दिल्या, पंखा बदलला, पिन हलवली, सगळं एकाच रविवारी. काही कळेना. शेवटी फळ्या उचलल्या तर खाली चाळीसेक लिटर पाणी. वळलो की पाणी एका कडेला धावायचं आणि होडीला घेऊन जायचं. भरलेल्या भांड्यापेक्षा अर्धं भरलेलं भांडं डोक्यावर जास्त डचमळतं, कुठल्याही पाणवठ्यावरच्या बाईला विचारा. तुमच्या होडीला दुहेरी तळ असेल तर तिथला बूच उघडून बघा. कोरडा निघाला तर उत्तम.

एवढं करूनही उडी राहिली तर तळ तपासा. होडी कोरडी करून उलटी घाला, मागच्या चार-पाच फुटांवर तोच ॲल्युमिनियमचा पाइप धरा. मध्ये पोट बाहेर आलं असेल तर उडी कधी जाणार नाही. उलट आत खोल असेल तर नाक खाली दबेल. साच्यातून लवकर काढलेल्या किंवा वाळताना दोनच ओंडक्यांवर ठेवलेल्या फायबरला असा बाक येतो. तसं निघालं तर फोटो काढून मगच बांधणाऱ्याच्या दारात बसा, आता तुमच्याकडं पुरावा आहे.

(याच वाचकांचं दुसरं पत्र तीन आठवड्यांनी आलं: "पेटी पुढं, पट्टी काढली, पिन आत. किंचाळणं बंद, उडी बंद. ओढ थोडी आहे. पण आता पूर्ण गॅसवर इंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या वर फिरत नाही.")

छान. तुमच्या पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिलं असेल. आधी पंखा हवा धरत होता म्हणून आकडा खोटा मोठा दिसायचा. आता खरं ओझं पडलं. एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर) पंखा लावलात की साधारण दोनशे फेरे वाढतात, मासे भरून येणाऱ्याला दोन इंच कमीसुद्धा परवडतो. माहीत असलेल्या कोणाकडून आठवडाभर उसना आणून बघा, लगेच विकत घेऊ नका.

प्रश्न : भिलवडीकडं कृष्णेत चपट्या तळाची होडी आहे. उभं राहून जाळं फेकताना डगमगते. तळाला वाळूची पोती टाकली तर चालेल का?

उत्तर : मोकळी पोती नकोत. होडी कलली की पोतं त्याच बाजूला घसरतं, म्हणजे पडणाऱ्याला धक्का. वजन ठेवायचंच तर मध्यरेषेवर, तळाला आणि बांधून. पण दर पोत्यामागं होडी खोल बसते, कड पाण्याच्या जवळ येते, हे विसरू नका. त्यापेक्षा फेकायची जागा एक वीत खाली करा, पायाखालच्या उंच फळ्या काढा. दुसरा माणूस त्या वेळी बसलेला हवा. ओलं जाळं कडेवर नको, तळाला टाका. ओल्या जाळ्याचं वजन आपल्याला हाताला कळतं, होडीला आधी कळतं.

आणि पुराच्या दिवसांत या होडीत गावकरी घ्यायची वेळ आली तर माणसं मोजा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढताना नाव उलटली, तुमच्याच तालुक्यातली गोष्ट. उभी माणसं म्हणजे उंचावर ठेवलेलं वजन. सगळ्यांना बसवा, एका फेरीऐवजी दोन करा, जॅकेट आधी, नाव नंतर.

प्रश्न : इंजिनाचे हाताने आवळायचे दोन स्क्रू पुरतात का? दुकानदार पुरतात म्हणाला.

उत्तर : दुकानदाराचं इंजिन बुडत नाही. फळीच्या आरपार दोन बोल्ट घाला, आतून रुंद वॉशर, भोकांना सीलंट, नाहीतर प्लायवूड पाणी पिऊन आतून सडतं. वर एक साखळी होडीच्या कडीला. पहिल्या पाच तासांनंतर पाना लावून परत आवळा, नवं लाकूड दबतं. आणि माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी ती लाल दोरी मनगटात अडकवा. हँडलला गुंडाळून ठेवलेली मी फार बघितली.