अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकलेली उन्मुक्त चंदसारखी मुलं पुढे भारतीय संघात का दिसत नाहीत?

तुम्ही प्रश्नात उन्मुक्त चंदचं नाव घेतलंय, तर त्याच्यापासूनच सुरू करतो. ऑगस्ट २०१२, ऑस्ट्रेलियातलं टाउन्सविल, अंडर-१९ वर्ल्ड कपची फायनल, समोर ऑस्ट्रेलिया. २२६चा पाठलाग आणि कॅप्टन उन्मुक्तच्या नाबाद १११. रविवार होता, चहा गार झाला तरी आमच्या घरात टीव्हीसमोरून कुणी हललं नाही. "हा पुढचा कोहली" असं मीही तेव्हा चारचौघांत ठोकून दिलं होतं!

त्या विजेत्या संघातून भारताच्या सीनियर संघात पोचले ते हनुमा विहारी आणि संदीप शर्मा. त्यातही संदीपच्या वाट्याला २०१५च्या झिम्बाब्वे दौऱ्यातल्या दोन टी-ट्वेंटी, बस. मुंबईचा स्पिनर हरमीत सिंग २०२४चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप खेळला, पण अमेरिकेकडून. उन्मुक्तनेही अमेरिकाच गाठली.

आता २०१४ची बॅच बघा, जी कुणाच्या लक्षातही नाही. क्वार्टर फायनलला इंग्लंडने घरी पाठवलं. पण त्या पंधरा जणांत संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा, आवेश खान आणि सर्फराज खान होते. सहाही जण पुढे भारताकडून खेळले. मागे राहिलेल्यांत मात्र खुद्द कॅप्टनच होता, आपल्या जालन्याचा विजय झोल. कूचबिहार ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या अंडर-१९ स्पर्धेत, आसामविरुद्ध नाबाद ४५१ काढलेला पोरगा!

त्यामुळे कप आला की नाही, यावरून मी तरी काही ठरवत नाही. त्या वयात समोरचे बॉलरही एकोणिसाचेच असतात. पुढे रणजी ट्रॉफीत मुरलेले बॉलर तुमची एक खोड हेरतात आणि सीझनभर तिथेच टाकतात. शिवाय जागा रिकामी असावी लागते. कुलदीपसारखा डावखुरा आणि मनगटाने बॉल फिरवणारा शोधून सापडत नाही. टॉप ऑर्डरला बॅटिंग करणारे मात्र प्रत्येक राज्यात रांगेत उभे.

सर्फराजचंच बघा. २०१४ आणि २०१६ असे दोन अंडर-१९ वर्ल्ड कप, मग रणजीत खोऱ्याने रन. कसोटीची टोपी मिळाली फेब्रुवारी २०२४मध्ये, राजकोटला. वडिलांनी ती हातात घेऊन तिचा मुका घेतला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याच दिवशी पठ्ठ्या ६२वर रनआउट झाला, तोही जडेजाने कॉल देऊन परत पाठवल्यामुळे.