शाश्वत गुंतवणुकीतील एआयचा मराठवाड्यासारख्या भागाला उपयोग होईल का?

होईल, पण मर्यादित. शाश्वत गुंतवणूक म्हणजे कंपनीचा पर्यावरणावर व समाजावर होणारा परिणाम पाहून पैसे गुंतवणे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला असून, असे लांबलचक अहवाल वाचून त्यांतील विसंगती शोधणे हे एआयचे खरे बळ आहे. अडचण पुढे येते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील एखाद्या कारखान्याच्या बोअरची पातळी कोणी नोंदवलीच नसेल, तर एआय मॉडेल ती जागा अंदाजाने भरते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमांत उसाचा फड दिसतो. त्याखालचे भूजल (आपल्याकडे खरा प्रश्न तोच) दिसत नाही. म्हणून अशा विश्लेषणातून कंपनीला मिळालेले शाश्वततेचे गुण पाहण्याआधी, त्यांमागे मोजलेले आकडे किती आणि अनुमानित किती, हे आपले पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या व्यवस्थापकाला लेखी विचारावे.