ठोके कसे उतरतात: आधी एकच वक्ररेषा

भावा, खानापूरची तालीम आणि बेळगावची जिम, दोन्हीकडे व्यायामानंतर हृदयाचे ठोके कसे उतरतात याच्या नोंदी ठेवतोयस हे वाचून लई बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच धर:

ठोके = तळ + फरक × ई^(−वेळ ÷ टाऊ)

इथं ठोके मिनिटाला किती ते. तळ म्हणजे उतरून जिथं स्थिरावतात तो आकडा, फरक म्हणजे शिखर वजा तळ, ई म्हणजे २.७१८ हा गणितातला ठरलेला आकडा आणि टाऊ म्हणजे फरकातले ६३ टक्के उतरायला लागणारा वेळ.

समज, बैठकांनंतर शिखर १६०, तळ १०० आणि टाऊ ५० सेकंद. मग ५० सेकंदांत ६० च्या फरकातले ६३ टक्के, म्हणजे ३८ ठोके उतरतात आणि आकडा १२२ वर येतो. टाऊ लहान, तर उतार वेगाचा.

नवी पोरं चुकतात ती इथं:

- तळ म्हणून सकाळची अंथरुणातली नाडी घालतात. जड व्यायामानंतर ठोके ५ मिनिटांत तिथवर येत नाहीत. तळही नोंदींवरूनच काढ. त्यासाठी ३ मिनिटं तरी थांब. मिनिटभरात पुढचा सेट घेतलास तर तळ सापडतच नाही.
- बार खाली ठेवला तो क्षण शून्य धरतात. श्वास रोखून वजन उचललं की ठोके नंतरही काही सेकंद चढू शकतात. वेळ शिखरापासून मोज.
- मनगटी घड्याळावर भिस्त ठेवतात. मूठ आवळली की त्याचे आकडे डळमळतात. ठोके मोजणारा छातीचा पट्टा घे, उसना मिळाला तरी चालेल.

आणि दर वेळी बसूनच मोज.

दोन घातांकांचं मॉडेल (एक वेगाचा, एक सावकाश असे दोन उतार जोडणारं) वगैरे नंतर बघू. सध्या एकच व्यायाम, तेच वजन, दर ५ सेकंदांना एक नोंद. स्प्रेडशीटमधला सॉल्व्हर (नोंदींशी जुळणारे तळ आणि टाऊ शोधून देणारं साधन) पुरेसा आहे. पहिला आलेख झाला की दाखव, अडलं तर बिनधास्त विचार.