वार्षिक पुस्तिकेतलं यश कसं वाचायचं?

बाईंना विचारा : शाळा, अभ्यास आणि घर यांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेला आंतरराष्ट्रीय शाळांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही अनगोळचे. ह्यांचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. मुलगी यंदा आठवीत गेली. मे महिन्यात लग्नाला पाहुणे आले होते, त्यांची मुलगी पुण्याकडं एका आंतरराष्ट्रीय हायस्कूलमध्ये असते. त्यांनी शाळेच्या वर्षभराच्या यशाची पुस्तिका आणलेली. कुणाला ४५ पैकी ४१, कुणाला ड्यूक ऑफ एडिंबरा गोल्ड, कुणी युनोच्या सभेत बेस्ट डेलिगेट, ऑलिंपियाडची पदकं तर विचारू नका. ह्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, पुढच्या वर्षी हिला नववीला तिकडंच घालायचं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि चारचौघांत विचारायची लाज वाटली. हे सगळं खरंच मोठं असतंय का?
— एक आई, अनगोळ, बेळगाव

उत्तर : ताई, लाज कसली? फी तुम्ही भरणार, लेकरू तुमचं जाणार. पुस्तिकेतल्या प्रत्येक ओळीचा अर्थ विचारायचा हक्क तुमचा आहे. मी मराठी हायस्कुलात गणित शिकवलं. आता माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं अशा शाळांत जातात आणि सुट्टीला आली की वह्या, निकालपत्रं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याकडूनच मी हे समजून घेतलं.

आधी ४५चा हिशोब. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट; त्याचा डिप्लोमा हा अकरावी-बारावीच्या वयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. विषय सहा, प्रत्येकाला जास्तीत जास्त ७, म्हणजे ४२. उरलेले ३ गुण एका दीर्घ निबंधाचे आणि 'ज्ञानमीमांसा' म्हणता येईल अशा एका विषयाचे मिळून. डिप्लोमा मिळायला इतर अटींबरोबर किमान २४ गुण लागतात आणि जगभरची सरासरी ३०च्या आसपास असते. तेव्हा ४१ म्हणजे खरोखर मोठं यश आहे, त्या मुलाची पाठ थोपटा. फक्त ४१ला ४५नं भागून एक्क्याण्णव टक्के काढू नका आणि ते आपल्या पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, टक्क्यांशेजारी ठेवू नका. सात म्हणजे शंभरपैकी शंभर नव्हेत. किती गुणांना सात द्यायचा, ती रेषा प्रत्येक विषयात परीक्षेगणिक ठरते.

पुस्तिकेत वरची तीन-चार नावं असतात. शाळेत गेलात की विचारा : परीक्षेला किती मुलं बसली? सगळ्यांची मिळून सरासरी किती? पूर्ण डिप्लोमा किती जणांना मिळाला आणि किती जणांना सुटे विषय घेऊन परीक्षा द्यावी लागली? चांगली शाळा हे आकडे लपवत नाही.

आता त्या निबंधाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तिकेत त्याला एकच ओळ मिळते. मर्यादा ४,००० शब्दांची, विषय मुलानं स्वतः शोधायचा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या लेकीनं तो बेळगाव बासमतीवर लिहिला. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला हा वासाचा तांदूळ शेतकरी का सोडताहेत, एवढाच प्रश्न. तिची कच्ची वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर 'बेळगावची शेती' असा ऐसपैस विषय, त्यावर काट. खाली 'भाताच्या जाती', त्यावरही काट. बऱ्याच पानांनंतर प्रश्न नेमका झालेला. शेतकऱ्यांची बोलणी तिनं मराठीत जशीच्या तशी उतरवून घेतली होती. वासाला कोण विचारतंय, पोत्याच्या वजनावर पैसे देतात, असं एका आजीचं म्हणणं. त्याच्याशेजारी समासात शिक्षकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं : हे एकटीचं मत की गावाचं? पडताळा कसा घेशील? मग पुढच्या पानांवर ही पोरगी पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरलेली दिसते, नव्या घरांत, नवे आकडे घेऊन. निबंधाला अखेर ए श्रेणी मिळाली. ताई, मोठं काय असतं म्हणून विचारलंत ना? सोळाव्या-सतराव्या वर्षी आपलंच वाक्य खोडून पुन्हा शिवारात जाणं, हे मोठं.

ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झाला. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या, वयाची अट अनुक्रमे १४, १५ आणि १६ पूर्ण. नावात पुरस्कार असला तरी ही स्पर्धा नाही. समाजसेवा, एखादं कौशल्य, शारीरिक मेहनत आणि साहसाचा प्रवास असे भाग ठरल्या मुदतीत पुरे केले की तो मिळतो. गोल्डला त्याखेरीज घरापासून दूर, अनोळखी मंडळींबरोबर राहून केलेलं काम लागतं. कुणाला हरवायचं नसतं म्हणून मला तो आवडतो. थेट गोल्डला उतरलेलं मूल दीड वर्ष न कंटाळता नोंदी ठेवतं.

युनोच्या सभा म्हणजे प्रतिरूप सभा. मुलं एकेका देशाची बाजू मांडतात. प्रत्येक सभेचे आयोजक वेगळे, बक्षिसंही त्यांचीच, त्यामुळे एका ठिकाणच्या बेस्ट डेलिगेटची दुसरीकडच्याशी तुलना होत नाही. बोलायची भीड मोडते, हा फायदा खरा.

ऑलिंपियाडच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. फी भरून शाळेतच पेपर सोडवायचे आणि वर्गागणिक सुवर्णपदकं मिळायची, अशा खासगी परीक्षा पुष्कळ आहेत. सराव म्हणून वाईट नाहीत. पण गणिताचं खरं ऑलिंपियाड १९५९ पासून चालत आलेलं आहे. आपल्याकडे त्याची वाट आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग विभागीय, मग राष्ट्रीय परीक्षा, मग मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची निवड, अशी जाते आणि सगळ्या देशातून शेवटी सहा मुलं उरतात. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन गणितं. २०२४ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात आपल्या मुलांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य आणलं तेव्हा मी आनंदानं ओळखीच्या सगळ्यांना फोन केले होते. पुस्तिकेत पदकाखाली परीक्षेचं पूर्ण नाव आहे का, ते बघा. या वाटेवरची नुसती दुसरी पायरी कुणी गाठली असेल, तरी ते माझ्या लेखी डझनभर खासगी पदकांहून जड.

परदेशी विद्यापीठांचे प्रवेशही असेच मोजतात. एकाच मुलाला पाच ठिकाणांहून बोलावणं आलं की पाच धरतात. प्रत्यक्ष कोण कुठं गेलं आणि शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, ते विचारा.

आणि एक कराच. यजमानांना घेऊन शाळेत जा, आणि ज्या मुलाचा फोटो पुस्तिकेत नाही अशा एखाद्या मध्यम मुलाची वही दाखवा म्हणावं. नाव झाकून दाखवली तरी चालेल. समासात शिक्षकांचे प्रश्न आहेत की नुसती बरोबरची खूण आणि सही, ते बघा. लेकीला कुठं घालायचं ते त्यानंतर ठरवा, आणि ठरवताना तिलाही विचारा.

प्रश्न : बाई, आयबी करून आलेल्या मुलाला इथं इंजिनिअरिंगला घेतात का? मुलगा आता दहावीत आहे.
— एक वडील, टिळकवाडी

उत्तर : घेतात. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीची समकक्षता देतो, पण विषय आत्ताच नीट निवडा : गणित, भौतिक, रसायन तिन्ही हवेत. मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. तोवर इथली प्रवेशाची गडबड सुरू झालेली असते, म्हणून कागदपत्रं आधीच जुळवून ठेवा. दुसरी गोष्ट, सीमाभागातले पालक हमखास विसरतात ती. केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेश परीक्षेच्या, नेहमीच्या कलमाखाली कर्नाटकात किमान सात वर्षं शिक्षण झालेलं लागतं, शिवाय दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून पास हवी. मुलगा कोल्हापूर-पुण्याला शिकत असेल तर ही वर्षं आजच मोजा.

प्रश्न : बाईसाहेब, सा. न. वि. वि. मी निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. नात बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत अकरावीला आहे. तिचं नाव शाळेच्या पत्रकात छापून येतं, सगळ्यांना अभिमान आहे. पण सुट्टीत आली की तिच्या अभ्यासात मला काही शिरकाव नाही. ती बोस्नियावर बोलते, मी ऐकतो. मराठी वाचते, पण अडखळत. या शिक्षणात आमच्यासारख्यांची जागा कुठं?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची जागा त्या अभ्यासक्रमातच आहे, तुम्हाला ती कुणी दाखवली नाही इतकंच.

नातीला विचारा, इतिहास घेतलाय का. डिप्लोमाच्या इतिहासात सुमारे २,२०० शब्दांचा एक स्वतंत्र शोध लिहावा लागतो आणि त्यात साधनांची पारख करावी लागते : हे कुणी सांगितलं, कधी, कशासाठी, आणि विश्वास किती ठेवायचा. तुमच्याच निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्ता रोखून धरला होता आणि एप्रिलमध्ये पोलिसांचा गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. तुम्ही तेव्हा वखारीत होतात. व्यापारी काय बोलत होते, भाव कसा फुटायचा, बिडी वळणाऱ्या बायकांच्या घरी त्या आठवड्यात काय चाललं होतं, हे सांगणारी माणसं आता किती उरली? नातीला वही-पेन घेऊन समोर बसवा. तिला तुमचं सांगणं तेव्हाच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघावं लागेल. ती उलटे प्रश्न विचारेल, त्याचा राग मानू नका, तिला तेच शिकवलंय. त्या शाळेत असा आजोबा असलेली मुलं थोडी असतील.

मराठीबद्दल. डिप्लोमाच्या पहिल्या गटात मातृभाषेतलं साहित्य हा विषय घेता येतो. शिक्षक नसतील तर शाळेच्या देखरेखीखाली मुलानं स्वतः अभ्यास करायची सोयही त्यात आहे. नात अकरावीत आहे, तेव्हा विषय बदलायला अवकाश थोडा असेल. आयबीचं काम बघणाऱ्या समन्वयकांना तिच्या आईवडिलांनी याच आठवड्यात विचारावं. ते नाही जमलं तर रोज संध्याकाळी फोनवर तिच्याकडून मराठी वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून घ्या. अडखळू दे. मध्येच सुधारू नका, रकाना संपल्यावर सांगा.

प्रश्न : बाई, मी जांबोटीकडची, मराठी माध्यमात दहावीत आहे. माझा आतेभाऊ आंतरराष्ट्रीय शाळेत आहे. त्याचं एका वर्षाचं यश सांगायला एक पान पुरत नाही. आमच्याकडं काय, ६२५ पैकी किती पडले, संपलं. मलाही काहीतरी करायचं आहे, पण आमच्या शाळेत तसलं काही नसतं.
— एक विद्यार्थिनी, तालुका खानापूर

उत्तर : पोरी, ६२५ला संपलं म्हणू नकोस. त्यातले १२५ तुझ्या मराठीचे आहेत आणि ते मन लावून मिळव. पण तुझी तहान मला कळते, आणि ती चांगली आहे.

आतेभावाच्या शाळेत मुलं पाण्या-पावसावर प्रकल्प करतात, त्यासाठी बसनं कुठंतरी जातात. तू राहतेस तिथून मलप्रभेचा उगम जवळ आहे, कणकुंबीला. तुमच्या भागासारखा पाऊस जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी पडतो. सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा घे. झाडापासून, पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेव. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोज, लिही, डबा रिकामा कर. हवामान खात्याची नोंदही साडेआठलाच होते, म्हणजे तुझा आकडा त्यांच्याशी ताडता येईल. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, उंची तीच का येते, हे आधी स्वतः सोडवून बघ, मग सरांना विचार. खानापूर गावात राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला तसाच डबा ठेवायला लाव. दोघींच्या आकड्यांत फरक किती पडतो आणि का, हा तुझा प्रश्न. मोजायला विसरलीस त्या दिवशी आकडा अंदाजानं घालू नकोस, रकाना कोरा ठेव.

पाऊस मोजण्याची याहून सोपी किंवा पक्की युक्ती सुचली, तर केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना आहे. सहावीपासूनच्या मुलांच्या नव्या कल्पना त्यात घेतात, निवड झाली तर नमुना तयार करायला १०,००० रुपये मिळतात. कल्पना आपल्या भाषेत लिहिता येते. अर्ज मात्र शाळेतूनच जातो आणि शाळेमागे पाचच कल्पना पाठवता येतात, तेव्हा मुख्याध्यापकांच्या कानावर उद्याच घाल.